आधी पाहावे, मग बांधावे

'घर पाहावे बांधून' असे आपले पूर्वज म्हणत आले. घर बांधताना माणसाची किती दमछाक होते, पैशाची आणि मनाची किती ओढाताण होते, हे स्वतः घर बांधल्यावाचून कळावयाचे नाही, असा त्या म्हणीचा भाव आहे. म्हण खोटी नाही. माझ्या वडिलांनी घराची एकच भिंत नव्याने घातली, तर तेवढ्यापायी आमच्या दोन दिवाळ्या कोरड्या गेल्या होत्या. परंतु साठी उलटल्यावर मला असे वाटू लागले आहे, की या म्हणीला दुसऱ्या एका अर्ध्याची जोड हवी होती. घर बांधून पाहावे हे खरे. पण ते पाहून बांधावे, हेही तितकेच खरे.

काय पाहावे? ज्याला त्या घरात राहावयाचे आहे तो माणूस पाहावा. तो पहाटे कोठे बसून चहा घेतो, त्याची गुरे कोठे उभी राहतात, घरातील म्हातारी उन्हाला कोणत्या बाजूस येऊन बसते, हे पाहावे. पायाखालची माती पाहावी. पाऊस कोणत्या दिशेने येतो ते पाहावे. आसपास कोणता दगड निघतो, कोणते लाकूड मिळते, गावातल्या गवंड्याच्या हाताला कोणते काम सवयीचे आहे, हे पाहावे. आणि मग कागद व पेन्सिल हाती घ्यावी. आज पुष्कळ ठिकाणी याच्या अगदी उलट चालते. कागद आधी रंगतो, आणि माणसाने त्या कागदाप्रमाणे जगावे अशी अपेक्षा केली जाते. हे मला मान्य नाही. का मान्य नाही, ते सांगण्यासाठी मी तुम्हांला प्रथम माझ्या आजीच्या घरी नेतो.

कोल्हापूरच्या पश्चिमेस, डोंगराच्या कुशीतील एका खेड्यात ते घर होते. घर म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर आज भिंतींनी वेगळ्या केलेल्या खोल्या येतील. आजीच्या घरात खोल्या नव्हत्या, जागा होत्या. उंच जोत्यावर चढले की पुढे सोपा लागे. सोप्याच्या एका अंगाला, एक पायरी खाली, बैलजोडी आणि एक म्हैस बांधलेली असे. शहरातील माझे मामेभाऊ सुट्टीत आले की नाकाला रुमाल लावीत. परंतु पावसाळ्यात बाहेर पाऊल टाकणे कठीण होई, तेव्हा आजोबांना रात्री उठून गुरांपुढे वैरण टाकावयाची असली, तर दार उघडावे लागत नसे. म्हैस खोकली तरी त्यांना जाग येई. गुरांची ऊब सोप्याला मिळे, ती निराळीच. सोप्यामागे माजघर. तेथे दिवसाही अंधार असे, आणि त्या अंधारात धान्याच्या कणग्या व दुधाचे शिंके असे. थंड आणि कोरडी अशी ती जागा होती. त्यामागे चूल, आणि चुलीच्या मागच्या दाराने उतरले की परडे. परड्यात अळू, केळी, शेवगा. न्हाणीचे सांडपाणी थेट केळीच्या बुडाशी जाई. पाण्याचा एक थेंब वाया जाऊ नये यासाठी कोणी पाटी लावून ठेवली नव्हती. घराची घडणच तशी होती.

छप्पर उतरते होते आणि पुढे इतके खाली आलेले, की मोठ्या माणसाला वाकून आत जावे लागे. लहानपणी मला वाटे, देवळासारखे येथेही वाकून नमस्कार करावयाचा असेल. पुढे कळले, की ती नम्रता पावसासाठी होती. ज्या भागात आडवा पाऊस मारतो, तेथे छपराची कड जितकी खाली येईल तितकी भिंत वाचते. भिंती जांभ्या दगडाच्या होत्या. जांभा हा मोठा गुणी दगड. खाणीतून काढताना तो मऊ असतो, कुऱ्हाडीसारख्या हत्याराने त्याचे चिरे पाडता येतात. आणि वारा-ऊन लागले की तो टणक होत जातो. आपल्या सह्याद्रीच्या माथ्यावर तो सापडतो. आजोबांच्या घराचे चिरे ज्या खाणीतून निघाले, ती जागा घराच्या ओट्यावरून दिसत असे.

आता आपण याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊ. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तर पूर्वेकडील शिरोळला तो पाचशेच्या आसपास असतो. एकाच जिल्ह्याची ही दोन टोके! एकाच कलेक्टर कचेरीचा कारभार दोघांवर चालतो. पण ढग काही कचेरीच्या हुकुमाने चालत नाहीत. म्हणून पश्चिमेला उतरती कौले, आणि पूर्वेकडे जसजसे जावे तसतसा छपराचा उतार सपाट होत जातो. पुढे पठारावरील कोरड्या मुलुखात तर मातीचे सपाट धाबे दिसू लागते. लाकडी तुळया, त्यांवर आडवी लाकडे, त्यांवर काटक्या, आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर. ही पांढरी माती पाण्याला सहजी आत शिरू देत नाही. अशा धाब्याच्या घरात वैशाखातील भर दुपारी जाऊन पाहा. जाड भिंत आणि जाड छप्पर ऊन आत येऊ देत नाहीत. दिवसभराची धग भिंतीतून वाट काढीत आत पोचते, तोवर संध्याकाळ झालेली असते आणि माणसे अंगणात निजावयास गेलेली असतात.

'पांढरी' हा शब्द आला, म्हणून थोडे आडवळणाने सांगतो. आपल्याकडे गावाच्या वस्तीला 'पांढरी' आणि शेतजमिनीला 'काळी' म्हणतात. हे केवळ रंगाचे वर्णन नव्हे. काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात तडकते. तिच्यावर उभारलेली भिंतही तिच्याबरोबर तडकते. म्हणून काळीत पेरावे आणि पांढरीत राहावे, असा शिरस्ता पडला. नदीकाठची कित्येक जुनी गावे उंचवट्यावर वसलेली दिसतात, ती उगीच नव्हेत. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी नदीचे पाणी कोठवर येते ते पाहिले, त्यांनी घरासाठी जागा निवडली. पुढे वस्ती वाढली, जमिनीला भाव आला, आणि आपण उंचवटा सोडून खाली उतरलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेच्या पाण्याने राजाराम बंधाऱ्याजवळ ५५ फुटांची पातळी ओलांडली. तेथे ४३ फूट ही धोक्याची पातळी मानतात. त्या दिवसांत कोल्हापूर शहरात कितीतरी भक्कम, नव्या, सिमेंटच्या इमारती पाण्यात उभ्या होत्या. त्यांच्या खांबांत काही उणे नव्हते. उणे होते ते जागेच्या निवडीत.

नदीशी कसे वागावे, हे शिकावयाचे असेल तर शिरोळ तालुक्यातील नृसिंहवाडीला जावे. कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावरील दत्ताचे देऊळ अगदी काठाला आहे. पावसाळ्यात कृष्णेचे पाणी चढले, की ते देवळात एका बाजूने शिरते, पादुकांवरून वाहते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या वाहत्या पाण्यात स्नान करण्यासाठी लोक रात्री-अपरात्री धावत येतात. त्याला 'दक्षिणद्वार' म्हणतात. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती वरच्या बाजूस हलवितात. काठावरचे दुकानदार आपापला माल उचलून वर नेतात. पाणी उतरले की सारे पुन्हा खाली येते. तुम्ही देवभक्त असा वा नसा, हे देऊळ बांधणाराने केलेला विचार तुम्हांला नाकारता येणार नाही. पूर येणार हे त्याने धरूनच ठेवले होते. त्याने नदीला अडविले नाही. तिला यावयाला एक दार ठेवले आणि जावयाला दुसरे.

आता माझ्या स्वतःच्या अनुभवाची गोष्ट. मी एका डोंगरी गावात शिक्षक असताना शाळेला दोन नव्या खोल्या मंजूर झाल्या. आम्हांला केवढा आनंद झाला! नकाशा दूरच्या कोणत्या तरी कचेरीतून आला होता. मोजमापे बिनचूक होती, खर्चाचा ताळेबंद चोख होता. खोल्या उन्हाळ्यात बांधून झाल्या. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि पहिल्याच तासाला माझे शिकविणे बंद पडले. छपराला पत्रे होते. त्यांवर पावसाचा असा ताशा वाजू लागला, की पहिल्या रांगेतील मुलालाही माझा आवाज ऐकू जाईना. मी फळ्यावर लिहू लागलो. तोवर खिडक्यांतून पाणी आत आले. कारण सर्व खिडक्या पश्चिमेला होत्या, आणि आमचा पाऊस पश्चिमेकडूनच येतो. मुलांनी इरली आणि पोत्याच्या खोळी आणल्या होत्या. त्या निथळत ठेवावयाला पडवी नव्हती. ती सारी ओली सामग्री वर्गातच आली, आणि अर्धा वर्ग चिखलात बसला.

गावातील एक वृद्ध गवंडी दारात उभे राहून हे पाहत होते. ते मला म्हणाले, "गुरुजी, पाऊस कुठनं येतो, एवढं तरी कुणीतरी इचारायचं हुतं." त्या एका वाक्यात जे होते, ते मी त्यापूर्वी कोणत्याही पुस्तकात वाचले नव्हते. पुढच्या उन्हाळ्यात गावकऱ्यांनी वर्गणी काढली, त्या गवंड्यांनी जांभ्याचे खांब उभे केले, आणि पश्चिमेच्या अंगाला कौलारू पडवी आली. पाणी थांबले. खोळी ठेवावयाला जागा झाली. पत्र्याचा ताशा मात्र माझी बदली होईपर्यंत वाजत राहिला.

नकाशा काढणारा माणूस वाईट होता, असे मी म्हणत नाही. त्याने कदाचित चांगलीच मेहनत घेतली असेल. पण तो तेथे आला नव्हता; आणि जो आला नाही त्याला पावसाची दिशा कशी कळावी?

याउलट पाहावयाचे असेल तर आपले खासबाग मैदान आहेच. १९०२ साली राजर्षी शाहू महाराज युरोपला गेले होते. रोम येथील प्राचीन रंगमंडल त्यांनी पाहिले आणि कोल्हापुरात कुस्तीसाठी तसे काही असावे असे त्यांच्या मनाने घेतले. दुसरा एखादा श्रीमंत राजा असता, तर त्याने रोमची प्रतिकृती उभारली असती आणि प्रवेशद्वारावर आपले नाव कोरून घेतले असते. महाराज स्वतः मल्ल होते. कुस्ती पाहणारा माणूस बसतो कसा, डाव पडताच उठतो कसा, पागोटे कसे उडवितो, हे ते जाणत होते. म्हणून रोमप्रमाणे मजल्यांवर मजले न चढविता त्यांनी गोल, उतरते मैदान करविले. मध्यभागी तांबड्या मातीचा हौद, आणि भोवती वर वर चढत गेलेली बैठक. १९१२ साली ते पूर्ण झाले. हजारो माणसे बसली तरी शेवटच्या माणसाला पहिल्याइतकीच कुस्ती दिसते. मध्ये खांब नाही, आडकाठी नाही. कल्पना परदेशातून आली. पण ती येथील मातीत, येथील लोकांच्या बसण्या-उठण्यात मुरवून घेतली. परक्याकडून काय घ्यावे आणि कसे घ्यावे, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही. आपल्या गावचा नवा राजवाडाही देखणा आहे. मेजर मांट नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाने त्याचा आराखडा केला आणि १८८४ साली तो पूर्ण झाला. काळ्या दगडातील त्याचे मनोरे व घुमट पाहून परगावचे पाहुणे थक्क होतात. तरी माझ्या मते खासबागेची योग्यता अधिक. राजवाड्यावर देशी अलंकार चढविले आहेत. खासबागेचे अंगच देशी आहे.

येथवर वाचून तुमच्यापैकी एखादा चौकस मुलगा किंवा मुलगी विचारील, "मग जुनी घरे ती सारी चांगली आणि नवी ती सारी वाईट, असेच ना?" तसे मुळीच नाही. आणि या प्रश्नाला मी सहज उत्तर देऊ शकत नाही, कारण त्यात आठ हजार माणसांचे प्राण गुंतलेले आहेत.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या रात्री गणपतीचे विसर्जन करून माणसे थकून निजली होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यांतील गावेच्या गावे काही क्षणांत ढिगारे झाली. सुमारे आठ हजार माणसे दगावली. त्यांतील बहुतेकांना धरणीने मारले नाही; त्यांच्या घरांनी मारले. वर मी ज्या जाड भिंतींची आणि मातीच्या धाब्याची स्तुती केली, तीच ती घरे होती. भिंतीचा आतला आणि बाहेरचा दगडी थर चांगला रचलेला असे, परंतु मध्ये मातीचा भरणा असे. दोन्ही थरांना बांधून ठेवणारे लांब आडवे दगड पुष्कळ भिंतींत घातलेलेच नव्हते. धाबे गळू लागले की त्यावर दरवर्षी नवी माती पडे. असे करता करता छपराचे ओझे अवाढव्य झालेले. हादरा बसताच भिंत फुटली आणि ते ओझे निजलेल्या माणसांवर आले.

पिढ्यान्‌पिढ्यांचे शहाणपण एवढे कसे फसले? याचे एक उत्तर असे, की तेथील लोकांनी ऊन पाहिले होते, चोर-दरोडेखोर पाहिले होते, दुष्काळ पाहिले होते. असा भूकंप त्यांच्या आठवणीत नव्हता. लोकांच्या अनुभवातून जे घर घडते, ते त्या अनुभवाएवढेच शहाणे असते. अनुभवापलीकडचे पाहावयाला शास्त्र लागते. म्हणून जुने ते पूज्य मानून तसेच गिरविणाऱ्यांशी माझे जमत नाही.

पण गोष्ट येथे संपत नाही. भूकंपानंतर ५२ गावे नव्या जागी संपूर्णपणे वसविण्यात आली. देशभरातून मदत आली. मदत करणाऱ्यांचा हेतू निर्मळ होता आणि नवी घरे खचित अधिक सुरक्षित होती. लोकांनाही दगडाची इतकी दहशत बसली होती, की त्यांनीच सिमेंटच्या घरांचा आग्रह धरला. परंतु यांतील पुष्कळ गावे शहरी वसाहतींसारखी आखली गेली. सरळ रुंद रस्ते, ओळीने एकसारखी घरे. जुन्या गावात उंच भिंतीआड अंगण होते. तेथे बायका मोकळेपणी बसत, धान्य निवडीत, न्हात. नव्या घराचे दार थेट रस्त्यावर उघडे. बैल कोठे बांधावे? कडबा कोठे रचावा? औते कोठे ठेवावीत? शेत दूर गेले, शेजार पांगला. वर्षे लोटली तशी लोकांनी हळूहळू ती घरे आपली करून घेतली. कोणी पुढे छपरी जोडली, कोणी अंगणाला भिंत घातली, कोणी गुरांसाठी आडोसा उभारला. म्हणजे जे आधी विचारावयाचे राहिले, त्याचे उत्तर लोकांनी मागाहून स्वतःच्या खर्चाने दिले.

त्याच वेळी, ज्या गावांची हानी कमी झाली होती तेथे वेगळी वाट धरली गेली. घरमालकाला पैसे आणि अभियंत्यांचे मार्गदर्शन मिळाले, आणि त्याने आपले घर आपल्या देखरेखीखाली दुरुस्त केले किंवा नव्याने उभारले. जुन्या भिंतीत आरपार दगड बसविणे, भिंतींना चहूबाजूंनी बांधणारा पट्टा घालणे, धाब्यावरचे मातीचे ओझे उतरविणे, असे साधे उपाय अभियंत्यांनी दाखवून दिले. घर तेच, अंगण तेच, शेजार तोच. फक्त जो दोष प्राणांवर उठला होता तेवढा काढून टाकावयाचा. मला विचाराल तर लोकांचा अनुभव आणि शास्त्र यांची भेट जर कोठे व्हावी, तर ती अशी व्हावी.

जुन्या गावातील आणखीही एक गोष्ट लपवून ठेवणे मला बरे वाटत नाही. तेथील वस्त्या जातीने वाटलेल्या होत्या. कोणाचे घर कोठे असावे, कोणी कोणत्या पाणवठ्यावर जावे, हे जन्माने ठरत असे. आणि पांढरीचा उत्तम उंचवटा सर्वांच्या वाट्याला येत नसे. ज्या कोल्हापूरने शाहू महाराज पाहिले, त्या कोल्हापुरात राहून मी त्या मांडणीचे गोडवे गाऊ शकत नाही. तसेच आजीच्या माजघरातील थंडाव्याची मला आठवण येते, तशी धुराने लाल झालेल्या तिच्या डोळ्यांचीही येते. दर आठवड्याला जमीन सारविताना तिची कंबर वाकून जाई. दरवर्षी मृगाआधी कौले चाळावी लागत, आणि एखादे वर्षी ते राहिले तर साऱ्या घरात पातेली मांडून ठेवावी लागत. पुढे माझ्या चुलत भावाने ते घर पाडून स्लॅबचे बांधले, तेव्हा मी हळहळलो, आजी मात्र म्हणाली, "तुला काय जातंय? सारवायला तू येत हुतास काय?" मी निरुत्तर झालो. लोकजीवन पाहावयाचे म्हणजे त्यातील कष्टही पाहावयाचे. पाहुण्याला जे साजरे दिसते, ते राहणाऱ्याला अनेकदा काचत असते.

या विचाराचे धडे जगात अनेकांनी दिले आहेत. १९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याजवळच्या सेवाग्रामला राहावयास गेले. तेथील माती, बांबू आणि कौले वापरून गावातल्या कारागिरांच्या हातून घर उभे राहावे आणि खर्च शंभर रुपयांच्या आत असावा, अशी त्यांची अट होती. मीराबेन यांच्या देखरेखीखाली उभी राहिलेली बापू कुटी आजही पाहावयास मिळते. तिच्या मातीच्या भिंतीवर ताडाची झाडे उठावाने काढलेली आहेत. लॉरी बेकर नावाच्या तरुण इंग्रज वास्तुशिल्पीला गांधीजींनी सांगितले होते, की चांगल्या घराचे साहित्य घरापासून पाच मैलांच्या आत मिळावे. बेकर पुढे भारतातच राहिले. आधी हिमालयात आणि मग केरळात त्यांनी स्वस्त, हवेशीर, देखणी घरे बांधली. डोंगरातील माणसे दगड कसा रचतात, हे ते त्या माणसांपाशी बसून शिकले.

इजिप्तमध्ये हसन फाथी यांची कहाणी अधिक बोलकी आहे, कारण ती अपयशाची आहे. लक्सरजवळच्या गुर्ना गावातील लोक प्राचीन थडग्यांवर वस्ती करून राहत आणि तेथील जुन्या वस्तू विकून पोट भरीत. त्यांना हलविण्यासाठी १९४५ च्या सुमारास फाथी यांनी नवे गाव आखले. उन्हात वाळविलेल्या मातीच्या विटा, लाकडावाचून उभी राहणारी घुमटाकार छपरे, प्रत्येक कुटुंबाशी बोलून ठरविलेली घरे! याहून अधिक काय करावे? तरीही बहुतेक लोक तेथे गेले नाहीत. घरे कशी असावीत हे त्यांना पुष्कळ विचारले गेले. आपले गाव सोडावयाचे की नाही, हे मात्र कोणी विचारले नव्हते. त्यांची भाकर जुन्या गावात होती.

म्हणून मी म्हणतो, की पाहण्याचे काम सोपे नाही. ते वहीत चार टिपणे घेऊन होत नाही. त्यासाठी परक्याच्या ओट्यावर बसावे लागते, त्याच्या घरचा चहा प्यावा लागतो, आणि आपल्याला न आवडणारे उत्तर ऐकून घ्यावे लागते. आमच्या काळी असे शिक्षण कोणत्या शाळेत मिळत नसे. आज वास्तुविद्येच्या काही विद्यालयांतून मुलांना खेड्यात नेऊन जुन्या घरांची मापे घ्यावयास लावतात, हे ऐकून मला बरे वाटते. मात्र मापे घेताना घरातील माणसांनाही दोन प्रश्न विचारले जावेत, एवढी माझी सूचना आहे.

निवृत्त होण्याच्या वर्षी मी सातवीच्या वर्गाला आपापल्या घराचे चित्र काढावयास सांगितले. बहुतेकांनी काढले ते तुम्ही ओळखालच. एक चौकोन, वर त्रिकोण, मध्ये दार, बाजूला नारळाचे झाड. आमच्या गावात नारळ औषधालाही नव्हता! एका मुलीचे चित्र मात्र निराळे होते. तिने घर वरून पाहिल्यासारखे काढले होते. चूल कोठे, आजीचे अंथरूण कोठे, शेळी कोठे, हे खुणांनी दाखविले होते. पुढच्या दारापासून परड्यापर्यंत एक तुटक रेघ होती. मी विचारले, "ही कसली रेघ?" ती म्हणाली, "गुरुजी, पाणी घरात येतं ते असं येतं." मी पुन्हा विचारले, "मग नवीन घर बांधलंत तर काय कराल?" तिने थोडा वेळ विचार केला, पेन्सिल उचलली, आणि शेळीची जागा खोडून ती उंबऱ्याच्या वरच्या अंगाला काढली.